रोज दहा मिनिटं

१८ मे २०१३, शनिवार

बावीस वर्षं बोटीच्या लॉगबुकात जनरेटरांची दुखणी लिहिली. आजपासून स्वतःची लिहावीत म्हणून ही निळी वही.

मी विश्वास लिमये, वय एकावन्न, इलेक्ट्रिकल ऑफिसर, म्हणजे जहाजी भाषेत बत्तीसाब. काल कायमचा जमिनीवर आलो. जमीन सिंगापूरची आहे, पण हलत नाही, एवढं पुरे. सोमवारपासून बोटी दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत टेबलाशी बसायचं आहे. बायको स्मिता इथे दोन वर्षांपासून आहे, पाया लेबारच्या ऑफिसात पंचवीस इंजिनिअरांची मॅनेजर. मी सव्विसावा.

घर पुंगोलला, बाराव्या मजल्यावर. खालून दोन डब्यांची एल.आर.टी. फिरते. तिला ड्रायव्हर नाही आणि जिथून निघते तिथेच ती परत येते. स्मिता म्हणाली, तुझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीसारखी.

आल्या आल्या तिघांचे पासपोर्ट मी माझ्या काळ्या बॅगेत टाकले. बोटीवर सगळ्यांचे कागद कॅप्टनच्या ताब्यात असतात. स्मिता म्हणाली, या घरात कॅप्टन मी आहे, तू बत्तीसाब. तरीही पासपोर्ट माझ्याच बॅगेत राहिले. बाईला मोठी भांडणं जिंकायची असतात, लहान ती सोडून देते.

मुलगी अवनी नऊ वर्षांची आहे. त्यातली जेमतेम तीन मी घरी काढली असतील, तीही तुकड्यातुकड्यांत. तिने नीट हात मिळवला आणि किती दिवसांची सुट्टी म्हणून इंग्रजीत विचारलं. म्हटलं, आता जाणार नाही. ती म्हणाली, ओके लाह. इथली पोरं प्रत्येक वाक्याला हे लाह जोडतात. मला ती बाबा म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. थेट वाक्याला सुरुवात करते. लोक वेटरशी बोलतात तसं.

हे एक काम हातात घ्यायचं आहे. बाकी सगळं वायरिंग ठीक आहे.

२ जून, रविवार

गाडी घेतली. महाराष्ट्र मंडळातल्या एका गृहस्थांनी पत्ता दिला: तोआ पायोह, जुनी बिल्डिंग, शामकांत पेंडसे, निवृत्त चीफ इंजिनिअर. १९९० सालची लाल स्पोर्ट्स कार, जपानी, दोन सीटांची. स्मिता म्हणाली, तीन माणसांच्या घरात दोन सीटांची गाडी आणायला अक्कल लागते, तिसऱ्याने काय बॉनेटवर बसायचं? पण अवनीने गाडी पाहिली आणि तिच्या तोंडून आवाज निघाला. दोन आठवड्यांत पहिलाच. मी त्याच क्षणी हो म्हटलं.

नंबर-प्लेट लाल आहे. म्हणजे कामाच्या दिवशी सकाळी सात ते संध्याकाळी सात गाडी रस्त्यावर आणायची नाही. शनिवार-रविवार मोकळे. हे असले नियम या देशात लोक खरोखर पाळतात. म्हणून अशा गाडीत घड्याळ बरोबर हवं, आणि नेमकं तेच बरोबर नाही: अडीच तास मागे. मला लगेच उलगडा झाला. सिंगापूरहून अडीच तास मागे म्हणजे भारत. आपल्या प्रत्येक घरात एक घड्याळ तिकडच्या वेळेवर असतं, आईला फोन कधी करायचा ते कळावं म्हणून. चीफसाहेबांनी ते गाडीत ठेवलं, इतकंच.

चीफसाहेबांना अर्धांगवायू झाल्याला वर्ष झालं. वाचा गेली आहे. त्यांच्या पत्नी सुमित्राबाईंचे गुडघे गेले आहेत. त्यांनी किल्ली दिली आणि म्हणाल्या, रोज सकाळी घड्याळाचा फ्यूज काढायचा, दहा मिनिटं थांबायचं, परत लावायचा. हे सतरा वर्षं करत होते, मग वर्षभर मी केलं, आता जिना उतरवत नाही. मी म्हटलं, करतो की. म्हाताऱ्या माणसांना म्हणतात तसं.

खुर्चीतल्या चीफसाहेबांनी दोन्ही हात वर केले. दहा बोटं. डाव्या हाताची तीन त्यांना सरळ करता येईनात, ती त्यांनी उजव्या हाताने उघडली. मी जिना उतरायला लागलो तेव्हाही ते तसेच बसले होते.

इंजिनवाल्यांचं हे नेहमीचंच. वीज म्हटली की अक्कल गहाण. घड्याळ रोज दहा मिनिटं पुढे पळतं, तर ते दुरुस्त करायचं की सतरा वर्षं रोज थोपवून धरायचं? पण बत्तीसाबला विचारायचं म्हणजे चीफची मान खाली.

आणखी एक: ड्रायव्हरच्या दाराचं आतलं हँडल तुटलंय. काच खाली करून बाहेर हात घालून दार उघडावं लागतं. बघू.

८ जून, शनिवार

आज घड्याळ काढलं. फ्यूज काढण्याची पूजा मी अर्थातच केली नव्हती, त्यामुळे आठवड्याभरात ते तासाभराने पुढे सरकून दीड तास मागे उरलं होतं. रोज दहा मिनिटं, अगदी नेमकं. पार्किंगच्या चौथ्या मजल्यावर डॅशबोर्ड उघडून बसलो. एक कपॅसिटर गळलेला, सोल्डरचे दोन टाके सुटलेले. पाऊण तासाचं काम. गोल काळी चकती, पांढरे काटे, काय सुंदर वस्तू आहे.

हे घड्याळ मागे फिरत नाही. बटण दाबलं की काटे फक्त पुढे जातात. बोटीवरची जुनी घड्याळं अशीच असायची; पश्चिमेला जाताना वेळ मागे घ्यायची तर तासभर ती थांबवून ठेवायचो. म्हणजे चीफसाहेबांची रीत तशी शास्त्रशुद्धच होती.

अवनी शेजारच्या सीटवर पाय वर घेऊन पुस्तक वाचत होती. शाळेला सुट्टी आहे. मध्येच म्हणाली, तुला खरंच येतं का हे? म्हटलं, बोट समुद्रात अंधारात बुडाली की लोक मलाच हाक मारतात. तिने पुस्तक मिटलं आणि मी टाके घालताना बघत राहिली. बारा वाजता मी काटे बाराला लावले. ती म्हणाली, नॉट बॅड.

माझ्या पगारपत्रकांपेक्षा हे दोन शब्द मोठे आहेत.

९ जून, रविवार

घड्याळ दहा मिनिटं पुढे. हात फिरवावा लागेल.

गंमत झाली. सकाळी अवनीला घेऊन निघालो तर पुढची काच ओली. वर छप्पर, आजूबाजूच्या गाड्या कोरड्या, आमचीच काच थेंबांनी भरलेली. पुसून काढली, तिला उंच बसवायची उशी लावली, पट्टा लावला. रॅम्प उतरून बाहेर पडलो आणि पाऊस आला. अवनी म्हणाली, गाडीला आधी कळलं. मुलांना काहीही सुचतं.

११ जून, मंगळवार

चाळीस मिनिटं पुढे. काल वीस होतं. घड्याळ बिघडतं ते एका गतीने. असं दुप्पट होत जाणारं मी पाहिलेलं नाही.

संध्याकाळी डाव्या सीटवर तपकिरी डाग दिसला, ओला. मायलोचा, अवनीच्या चॉकलेटच्या दुधाचा वास. अवनीला रागावलो. ती म्हणाली, मी आज गाडीत बसलेच नाही, आईला विचार. तोंड फुगवून बसली. तिची समजूत काढायला सातनंतर फिरायला नेलं, हातात मायलोचा कप दिला. दुसऱ्याच वळणावर तो सांडला. आधीचा डाग होता तिथेच. त्याच आकाराचा. वर वेगळा डाग पडला नाही.

माफी मागितली मी तिची. तिने मोठ्या मनाने दिली. मी मात्र घरी येऊन दोनदा हात धुतले.

१३ जून, गुरुवार

अडीच तासांपेक्षा जास्त पुढे.

ऑफिसातून आल्यावर गाडीत अवनीची पिवळी क्लिप सापडली, डाव्या बाजूला पायाशी. खिशात घालून वर आलो. तीच क्लिप अवनीच्या केसांत. दोन्ही शेजारी धरून पाहिल्या. दोन्हींचा एकच दात तुटलेला, तोच. स्मिता म्हणाली, मी एकच आणली होती. जेवणानंतर अवनी माझ्यामागे लागून गाडीत बसायला आली. उतरली तेव्हा केसांत क्लिप नव्हती. खिशात हात घातला. खिसा रिकामा. क्लिप डाव्या बाजूला पायाशी.

मी विजेचा माणूस आहे. करंट आधी, उजेड नंतर. उजेड आधी पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

१६ जून, रविवार

घड्याळ किती पुढे, आता सांगता येत नाही. बारा तासांच्या चकतीवर कालचं आणि उद्याचं सारखंच दिसतं. दुप्पट करत गेलो तर एकवीस तास होतात.

गाडीत जळका वास. वायरिंग तपासलं, काही नाही. लाकडाचा, पानांचा धूर. सीटवर बारीक राख. काच उघडली तर बाहेर हवा स्वच्छ, खालून पोरं सायकली फिरवतायत. काच लावली की धूर.

अवनीला गाडीत बसू दिलं नाही. परत पाहुण्याशी बोलतात तशी बोलायला लागली.

१७ जून, सोमवार

दुपारी धूर आला. सगळ्या शहरावर. इंडोनेशियातली जंगलं जळतायत म्हणे, वाऱ्याने इकडे. ऑफिसात सगळे खिडकीशी. तोच वास.

कोणाला सांगू?

१८ जून, मंगळवार

क्रमाने लिहितो.

घड्याळ थांबलं आहे. नऊ वीस. करंट येतोय, फ्यूज शाबूत, काटे हलत नाहीत. आता रात्रीचे आठ; दुप्पट करत गेलो तर पंच्याऐंशी तास, म्हणजे शनिवारी सकाळी नऊ वीस. गाडी तिथे पोचली आहे आणि त्यापुढे तिला काही नाही.

पुढची काच डाव्या बाजूला फुटली आहे. जाळीसारखी. आतून.

डावा पट्टा कापलेला. तुटलेला नव्हे. माणसाला बाहेर काढताना कापतात तसा.

त्या सीटवर काळं काहीतरी वाळलेलं. मायलो नाही.

ती अवनीची जागा.

डाव्या सीटखाली वही होती. निळी. ही वही. ही माझ्या बॅगेत होती, मी काढून पाहिली, दोन झाल्या. सीटखालची ओली होती, पानं चिकटलेली. शेवटचं लिहिलेलं पान तेवढं उघडलं. तारीख २२ जून. अक्षर माझं. शेवटची ओळ अर्धी— 'उजवी सीट कोरी'— आणि तिथून पेनाची रेघ ओढत पानाखाली गेलेली. अर्थ कळला नाही. वही स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या शूटमध्ये टाकली. बारा मजले खाली पडल्याचा आवाज ऐकला.

मग परत खाली गेलो. काच अखंड. पट्टा अखंड. सीटवर फक्त मायलोचा डाग.

घड्याळ नऊ वीस.

१९ जून, बुधवार

ऑफिसला गेलो नाही. तोआ पायोह. सुमित्राबाईंनी तोंडाला ओला रुमाल बांधून दार उघडलं. मी इंडिया टाइमबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, कसला इंडिया टाइम? हे म्हणायचे, ते घड्याळ खऱ्या वेळेच्या जितकं मागे, तितकं बरं. मागे असलं की गाडीत उद्याचं काही येत नाही.

त्यांना मुलगा होता, प्रतीक. अकरा वर्षांचा. पंचाण्णव साली एक दिवस चीफसाहेब गाडीतून फुटलेला चष्मा घेऊन वर आले. प्रतीक समोर वरणभात खात होता, डोळ्यांवर चष्मा. बाई हसल्या होत्या. म्हणाल्या होत्या, असेल कोणाचातरी तसलाच. तिसऱ्या दिवशी त्या गाडीत—

बाई म्हणाल्या, मला वाटलं दुःखाने खुळे झाले. खुळ्याचं मन राखायचं म्हणून फ्यूज काढत राहिले. तुम्हाला सांगायला हवं होतं का हो?

मी म्हटलं, तुम्ही सांगितलंत. मी ऐकलं नाही.

चीफसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. घड्याळ पुढे गेलंय, म्हटलं. त्यांनी हात वर केले नाहीत. मांडीवर ठेवले, आणि एकेक बोट मिटलं.

२० जून, गुरुवार

फ्यूज काढला. नऊ वीस. घड्याळाच्या वायरी कापल्या. नऊ वीस. बॅटरी काढून वर घरी आणली. स्मिता म्हणाली, ही बादलीशेजारी का? मी सांगितलं, सगळं. ती हळू आवाजात म्हणाली, विश्वास, बोट सोडल्यावर काही लोकांना असं होतं, आपण डॉक्टरांना दाखवू.

भांडलो नाही. एवढंच म्हटलं, अवनीला घेऊन आठ दिवस आईकडे जा, पुण्याला. धुराचं निमित्त आहेच. शनिवारी सकाळची फ्लाइट मिळाली. त्यांनी पावणेनऊला घरून निघायचं.

नऊ वीसला त्या टॅक्सीत असतील. रस्त्यावर. गाडीपासून लांब.

२१ जून, शुक्रवार

हवेतल्या धुराचा सरकारी आकडा चारशेच्या वर, तीनशेपुढे धोका. सूर्य नाही. समोरची बिल्डिंग नाही.

गाडी कोणाला द्यायची नाही. भंगारवाले शनिवारी दुपारी टो करून नेतील. तोपर्यंत त्या जागेवर कोणी बसता कामा नये. म्हणून गाडी ढकलत भिंतीला लावली. डावं दार उघडणारच नाही इतकी. अवनीची उशी कचऱ्यात.

तरी झोप नाही. जागा मोकळी ठेवली तर ती भरली जाईल. म्हणून मीच बसणार. उद्या साडेआठपासून नऊ वीस होऊन जाईपर्यंत. डाव्या सीटवर. मी असल्यावर तिथे दुसरं कोण बसेल?

उद्याचं पान कोरंच ठेवणार होतो. पण मला वाटतं उलट करावं. ती अर्धी ओळ मी लिहिली नाही तर ती वेळ येत नाही. दुसरं काहीही लिहीत राहायचं, ते तीन शब्द सोडून.

२२ जून, शनिवार

८.३५. गाडीत. उजव्या दाराने शिरून गिअरवरून डावीकडे सरकलो. दार ओढून घेतलं. फोन घरी बंद करून ठेवला आहे, कोणी हाक मारून उठवायला नको. वही आणि बॅग मांडीवर.

निघताना अवनी दारात होती, तोंडावर मास्क. मी म्हटलं, ये लवकर. ती म्हणाली, तू नाही येत? म्हटलं, गाडीपाशी काम आहे. तिने मान हलवली. तिला सवय आहे.

८.५०. टॅक्सी निघाली असेल. कठड्यापलीकडे नुसता करडा पडदा.

९.०२. घड्याळाकडे बघत नाही. मनगटावरचं बघतो. शेजारच्या गाड्या दिसत नाहीत. आवाज सगळे जवळचे वाटतात.

९.०७. आता त्या एक्स्प्रेसवेवर. मी बत्तीसाब. मी लिहितोय. मी दुसरं काहीही लिहितोय.

९.१०. कोणीतरी पळतंय. रॅम्पवर. लहान पावलं.

९.११. नाही.

बॅग. पासपोर्ट. तिघांचे पासपोर्ट माझ्या बॅगेत. माझ्या मांडीवर. कॅप्टनसारखे— त्या परत आल्या. फोन लागला नाही म्हणून— टॅक्सी खाली उभी, आणि स्मिताने तिला वर पाठवलं—

ओरडलो, थांब, तिथेच थांब. काच बंद. तिला ऐकू येत नाही. दिसतंय फक्त की मी काहीतरी बोलतोय. ती हसली.

उजवं दार उघडून आत बसली. धूर येतो म्हणून दार लावून घेतलं.

९.१३. आतून हँडल नाही. काच विजेवरची, खाली होत नाही, बॅटरी मी काढली. डावीकडे भिंत मी आणली. सगळं मी. लाथा मारल्या काचेला. परत मारल्या. काही नाही. ती म्हणते, आई येईल शोधायला, चिल लाह.

हॉर्नही नाही.

९.१६. स्मिता नाही अजून. कोणी नाही. पाय सुजला.

९.१७. वरच्या मजल्यावर मोठी गाडी. व्हॅन. टायर ओरडतायत. धुरात त्याला भिंत दिसत नाही, रॅम्प दिसत नाही—

तिला पट्टा लावला. माझी बॅग तिच्या तोंडापुढे दिली, घट्ट धर म्हटलं. तिला आता कळलं. म्हणाली, बाबा, मला भीती वाटतेय. मराठीत. बाबा म्हणाली.

येतेय. वळली.

मंगळवारी काच डावीकडे फुटली होती. पट्टा डावीकडचा कापला होता. काळं होतं ते डावीकडे. मी तेवढंच पाहिलं, तिची जागा म्हणून. पण ती आज तिथे नाही. तिथे मी. उजवीकडे, आता ती आहे त्या बाजूला काय होतं? आठव. काच होती. पट्टा होता. डाग नव्हता. एकही.

लिहायचे नव्हते ते शब्द. लिहितो. लिहिले की तसंच होणार. तसंच होऊ दे. बाळ, डोकं खाली. उजवी सीट कोरी